थांबलेला तिसरा महिना

केतकी गावंडेला तिसरा महिना लागला, त्याला आता आठ महिने होऊन गेले होते.

अकोल्याच्या बीजसंग्रहात नव्याने रुजू झालेलं कुणी विचारी, "मॅडम, कितवा?" आणि केतकी सांगे, "तिसरा." काही महिन्यांनी तोच माणूस जरा संकोचत पुन्हा विचारी, तरी उत्तर तेच. मग ती त्याला खुर्ची देई आणि सगळं नीट समजावून सांगे. अर्धवट कळलेली गोष्ट माणसाला उगीच जास्त घाबरवते, असं तिचं मत होतं.

समजावून सांगायला उगवण-प्रयोगशाळा चांगली जागा होती. भिंतीला लागून थंड कपाटं, आणि त्यांत ज्वारीचे, तुरीचे, अंबाडीचे असे वाण, जे आता शेतात कुठेच दिसत नाहीत. तिचे आजोबा पेरत ती टपोऱ्या दाण्यांची ज्वारीही त्यांत होती. अधूनमधून त्यातल्या काही बिया ओल्या कागदावर ठेवायच्या आणि त्यांना अजून जाग येते का ते पाहायचं, हे केतकीचं काम.

"बी मेलेलं नसतं," ती म्हणे. "थांबलेलं असतं. माझं बाळही तसंच थांबलंय."

मागच्या पोळ्याच्या सुमारास तिला दोन गोष्टी एकाच आठवड्यात कळल्या होत्या. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, आशा जवळजवळ सोडून दिल्यावर, तिला दिवस गेले होते. आणि मानेच्या बाजूला आलेली सुपारीएवढी गाठ म्हणजे लिम्फोमा होता. शरीराचं रक्षण करणाऱ्या लसिकाग्रंथींतल्या पेशीच बेबंद वाढू लागल्या होत्या. छातीत त्याची दुसरी, मोठी गाठ होती आणि ती श्वासनलिकेला टेकली होती. केतकी उशा रचून, बसल्या बसल्या झोपत असे.

नागपूरच्या रुग्णालयात डॉ. भास्कर पिंपळखुटे यांच्यासमोर ती आणि तिचा नवरा हर्षल बसले, तो दिवस तिला अजून लख्ख आठवत होता. डॉक्टर साठीच्या घरातले, सडपातळ, बोलण्याची कसलीच घाई नसलेले.

"तुम्ही बियांच्या डॉक्टर, मी माणसांचा," ते म्हणाले. "आपल्याला एकमेकांची भाषा कळायला हरकत नाही. कीमोथेरपीचं औषध आंधळं असतं, बरं का. कर्करोगाची पेशी कुठली आणि चांगली कुठली, ते त्याला कळत नाही. त्याला एकच कळतं, की कोण विभागतंय. एकीच्या दोन होऊ घातलेली पेशी सापडली, की ते तिला मारतं. म्हणून गाठ विरघळते. आणि म्हणूनच केसही गळतात, कारण केसांच्या मुळाशी पेशींची सारखी घाई चाललेली असते."

"आणि सगळ्यात जास्त घाई सध्या माझ्या पोटात चालली आहे," केतकी म्हणाली.

"हो. हृदय, मेंदू, हातापायांची बोटं, सगळं तिसरा महिना संपेपर्यंत घडतं. एकदा घडलं की मग मुख्यतः मोठं व्हायचं राहतं. चौथ्या महिन्यापासून यातली काही औषधं आईला देता येतात, आणि ती बाळाला बहुधा सोसतात. तसं आम्ही फार वर्षांपासून देत आलोय."

"म्हणजे चार आठवडे थांबलं तर?" हर्षलने विचारलं.

"बाळासाठी ते उत्तम. पण छातीतली गाठ चार आठवडे थांबणार नाही. ती दोन आठवडेही थांबेल असं मी म्हणणार नाही."

दुसरा मार्ग सरळ होता. तो कुणी बोलून दाखवला नाही. हर्षल टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिला. मग डॉक्टरांनीच विचारलं, "केळीच्या पानाखाली लटकणारं लहान फळवटवाघूळ पाहिलंय कधी?"

"आमच्या परसात आहेत," केतकी म्हणाली.

"त्याची मादी मोठी विलक्षण असते. गर्भ रुजल्यानंतरही ती त्याची वाढ कित्येक दिवस जवळजवळ थांबवून धरू शकते. पुढे दिवस अनुकूल आले, की वाढ पुन्हा सुरू. गर्भाला काही झालेलं नसतं. तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे जातो. तिच्या रक्तातल्या ज्या द्रव्याने हे घडतं, त्याचा माणसाला चालेल असा भाऊबंद आम्ही तयार केलाय. त्याला विरामरस म्हणतो. हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली अशा काही गर्भवतींना तो दिला. त्यांची बाळं थोडे आठवडे थांबली, मग नीट वाढली. कर्करोगासाठी मात्र अजून कुणाला दिलेला नाही."

केतकीने ते मनाशी जुळवून पाहिलं. "थांबलेल्या गर्भाच्या पेशी विभागणार नाहीत," ती सावकाश म्हणाली. "आणि जे विभागत नाही, ते तुमच्या आंधळ्या औषधाला सापडत नाही."

"हे समजावायला मला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी तिच्या दंडाच्या कातडीखाली थेंबडबी बसवली गेली. बोटाच्या पेराएवढी वस्तू, थेंबाथेंबाने विरामरस सोडत राहणारी. डबी आत असेपर्यंत बाळ थांबणार. डबी काढली की चालू लागणार.

घरी सासूबाई वाट पाहत होत्या. प्रणालीबाई एसटीत कंडक्टर होत्या, सेवानिवृत्त झाल्या तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच राहिला होता. त्या दिवशी मात्र त्यांनी केतकीला हळूच आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि पदराआडून एक हिरवी चोळी काढून तिच्या हातात ठेवली. तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता, कुणाला न सांगता द्यायची असते ती चोरचोळी.

"आता द्यायची का, हा विचार केला मी," त्या म्हणाल्या. "मंग म्हटलं, तिसरा तो तिसरा. थांबला तरी तिसराच आहे नं? ठेव. सातव्याले डोहाळजेवण करू, तवा गाव बोलावू."

केतकीने चोळी घडीसकट कपाटात ठेवली. ती घडी पुढे आठ महिन्यांहूनही जास्त तशीच राहिली.

त्या आठ महिन्यांत बरंच काही झालं आणि एका अर्थी काहीच झालं नाही. ठरावीक अंतराने नागपूरला जायचं, शिरेतून औषध घ्यायचं, दोन दिवस गळून पडायचं, पुन्हा उठून बीजसंग्रहात यायचं. छातीतली गाठ विरत गेली. केतकी आडवी होऊन झोपू लागली. मानेवर हात फिरवला तर काही लागेना.

पोटात मात्र शांतता होती. विराम लागल्यापासून मळमळ थांबली होती, कशाचा वास नको होत नव्हता, काही खावंसं वाटत नव्हतं. शेजारच्या वर्षाला तिच्याबरोबरच दिवस गेले होते, तिचं बाळंतपण झालं, बारसंही झालं. केतकी पाळण्याची दोरी ओढून आली. घरी आल्यावर ती नादपट्टी पोटावर लावून बसली. ही पट्टी बाळाच्या हृदयाचा ठोका ऐकवायची. विरामात तो इतका मंद झाला होता, की एक ठोका पडल्यावर पुढच्याची वाट पाहावी लागे. केतकी श्वास धरून ऐके. आता पडेल. आता. आणि मग, दूरच्या खोलीत कुणीतरी पाऊल टाकावं तसा एकच ठोका. हर्षल शेजारी बसे. पाच-सहा ठोके ऐकून झाले की तो उठून दिवा लावी.

एका गोष्टीचं मात्र सगळ्यांना अप्रूप होतं. केतकीचे केस गळले नव्हते. कमरेपर्यंतची वेणी होती, ती तशीच राहिली. कीमो घेणाऱ्या बाईची ही वेणी पाहून रुग्णालयातल्या परिचारिका दुसऱ्या वॉर्डातल्या परिचारिकांना बोलावून आणत. डॉ. पिंपळखुटे तर खूश होते. विरामरसाचा हा अनपेक्षित फायदा, असं ते म्हणाले आणि तिच्या परवानगीने त्यांनी वेणीचा फोटो काढून आपल्या व्याख्यानांत दाखवायला सुरुवात केली.

घरी प्रणालीबाई दर शनिवारी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन केतकीच्या डोक्यावरून ओवाळत.

"आई, तुम्ही पण ना," केतकी म्हणे.

"मले सगळं समजते. मी काही अडाणी नाही, पंचवीस वर्षं गाडीत तिकिटं फाडली. पण ओवाळायले काय जाते? एवढ्या बायका पाहून राहिल्या तुह्या केसायकडे. कोणाची नजर नको लागाले."

शेवटी रक्ताची शोधचाचणी स्वच्छ आली. वाढत्या गाठी रक्तात आपला कचरा टाकत असतात. तो कचरा सापडतो का हे ही चाचणी पाहते. लागोपाठ तीनदा काहीच सापडलं नाही. डॉक्टरांनी थेंबडबी काढायचा दिवस ठरवला. प्रणालीबाईंनी डोहाळजेवणाच्या फुलांसाठी माळ्याला आधीच सांगून ठेवलं. सातव्याला अजून अवकाश आहे, असं हर्षलने सांगून पाहिलं, पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

डबी निघायच्या आधीच्या आठवड्यात केतकी प्रयोगशाळेत एक नेहमीचं काम करत होती. एका शेतात तणनाशक दोनदा फवारून झालं होतं आणि रान अगदी साफ दिसत होतं. तिथली माती ट्रेमध्ये पसरून ती ओली ठेवायची आणि मातीत आणखी किती तण दडलंय ते पाहायचं, असं काम होतं. तिने ट्रेवरचं झाकण काढलं. माती हिरवीगार झाली होती. बोटभर अंतरही मोकळं नव्हतं.

यात नवल काहीच नव्हतं. तणनाशकाने उगवलेलं तण मरतं. मातीत झोपलेल्या बीला ते काही करत नाही. हे ती शेतकऱ्यांना हजारदा सांगत आली होती. नीट पाहण्यासाठी ती ट्रेवर वाकली आणि तिची वेणी खांद्यावरून पुढे घसरून त्या कोवळ्या हिरव्या कोंबांवर पडली.

केतकी तशीच वाकलेली राहिली.

औषध आंधळं आहे. जे विभागतं ते त्याला सापडतं. केसांच्या मुळाशी पेशींची सारखी घाई चाललेली असते. मग केस का गळले नाहीत? गळले नाहीत, म्हणजे ती घाई थांबलेली होती. म्हणजे विरामरस नुसता बाळापाशी पोचला नव्हता. तो तिच्या रक्तातून तिच्या सगळ्या अंगभर फिरला होता, आणि ज्याला ज्याला त्याची हाक ऐकू आली, ते ते झोपलं होतं.

तिने खुर्ची ओढून घेतली आणि बसली. मग फोन उचलला.

"सर, माझे केस गळले नाहीत," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. काल रायपूरला दाखवला फोटो," डॉ. पिंपळखुटे हसत म्हणाले.

"का गळले नाहीत, सर?"

पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उद्या सकाळी या," डॉक्टर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

गाठ होती त्या जागेतून सुईने थोड्या पेशी काढल्या गेल्या. डॉक्टरांनी त्या दोन बशांत ठेवल्या, एकीत विरामरस घालून आणि दुसरीत तो धुऊन टाकून. पहिल्या बशीत काहीच हालचाल झाली नाही. दुसऱ्या बशीत चार दिवसांनी एका पेशीच्या दोन झाल्या होत्या. सूक्ष्मदर्शकातून केतकीने स्वतः ते पाहिलं. पाहताना तिला आधी, नको असूनही, जाग आलेलं बीच आठवलं.

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाले. "विरामरसाची हाक फक्त गर्भाच्या पेशींना ऐकू येते असं मी धरून चाललो. तुमच्या कर्करोगातल्या बहुतेक पेशी बहिऱ्या होत्या. त्या जागत राहिल्या आणि मेल्या. गाठ गेली ती खरीच गेली. पण थोड्या पेशींना कान होते. त्या झोपल्या. झोपलेली पेशी कचरा टाकत नाही, म्हणून चाचणीत दिसत नाही. आणि हे सांगणारी खूण रोज माझ्यासमोर होती. तिचा फोटो काढून मी मिरवत होतो."

"सगळेच मिरवत होते," केतकी म्हणाली. "माझ्या सासूबाई दृष्ट काढत होत्या."

"डबी काढली की बाळ जागं होईल," हर्षल म्हणाला. तो अडखळत बोलत होता. "आणि त्याच्याबरोबर हेही."

"हो."

"आणि नाही काढली तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तर दोन्ही झोपलेले राहतील. केतकीताई नोकरी करतील, घर पाहतील, कदाचित पुष्कळ वर्षं. डबी बदलत राहू. तेही जगणं आहे. ते नाकारा असं मी म्हणणार नाही."

दोघं गाडीने अकोल्याला परत निघाले. बडनेरा गेल्यावर हर्षल म्हणाला, "मला तू पाहिजेस. मी एवढंच सांगू शकतो. बाकीचं मला कळत नाही."

"मीही मलाच पाहिजे आहे," केतकी म्हणाली. "पण हर्षल, तो ठोका ऐकताना तू दर वेळी दिवा लावायला का उठतोस?"

"पुढचा ठोका पडेल की नाही, ती वाट फार वेळ पाहवत नाही," तो म्हणाला.

"मी पन्नाशीची होईन," ती म्हणाली, "आणि कुणी विचारलं कितवा, तर सांगेन तिसरा. वर्षाच्या मुलीचं लग्न होईल. ती आपलं बाळंतपण उरकून येईल आणि मी चोरचोळी कपाटात ठेवून तिची ओटी भरीन. बी कपाटात ठेवतो ते कशासाठी? कधीतरी पेरायचं असतं म्हणून. नाहीतर ते कपाट म्हणजे नुसती स्मशानभूमी. थंड, एवढंच."

मग ती थोडी सावरून बसली. तिचा आवाज बदलला. प्रयोगशाळेत बोलायची तसा झाला.

"आपल्याकडे शहाणा शेतकरी काय करतो? पेरणीची घाई करत नाही. आधी रान ओलवतो. तण उगवू देतो, मुद्दाम. सगळं हिरवं झालं की कुळवाची पाळी घालतो आणि उगवलेलं सगळं काढतो. मग पेरतो. झोपलेल्या बीला काही करता येत नाही, म्हणून त्याला आधी जागं करतो."

"इथे पेरून झालंय, केतकी."

"म्हणूनच चार आठवडे. डबी काढायची. बाळ जागं होईल, रोग जागा होईल. चार आठवडे कुणाला हात लावायचा नाही. तेवढ्यात बाळाचं घडणं पुरं होईल, चौथा लागेल. आणि मग औषध, विरामरसाशिवाय. तेव्हा जे जागं असेल ते सापडेल. बाळाला औषध सोसेल. रोगाला नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हे सगळं फोनवर ऐकून घेतलं.

"हाच मार्ग पहिल्या दिवशी का नव्हता, ठाऊक आहे?" ते म्हणाले.

"छातीतली गाठ चार आठवडे थांबली नसती."

"आणि आता ती गाठ नाही. मूठभर पेशी आहेत. मूठभर पेशींना मोठं व्हायला वेळ लागतो. म्हणजे ते आठ महिने फुकट गेले नाहीत. त्यांनी तुम्हाला हे चार आठवडे मिळवून दिले." ते थांबले. "पण मी खात्री देत नाही. या पेशी किती जोराने उठतील ते मला माहीत नाही. सगळ्या उठतील का, तेही नाही. विरामरस अंगातून जायला किती वेळ लागेल, हा अंदाजच आहे. तो थोडा जरी रेंगाळला, तर औषध पुन्हा वाया."

"ते कसं कळेल?"

"तुम्हाला माहीत आहे कसं कळेल," डॉक्टर म्हणाले.

थेंबडबी निघाली. जखम इतकी लहान होती, की त्यावर एक पट्टी पुरली.

पाचव्या दिवशी प्रणालीबाईंनी कांदा-लसणाची फोडणी दिली आणि केतकी तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली. पोटातलं सगळं बाहेर पडलं. ती भिंतीला टेकून बसली आणि डोळे पुसत हसायला लागली. प्रणालीबाई हातात झारा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनाही हसू फुटलं, आणि मग रडू.

"काय खावंसं वाटते सांग, पोरी. सांग लवकर."

"अंबाडीची भाजी. आणि भाकर. नको, भाजीच नुसती."

संध्याकाळी नादपट्टी लावली. ठोका पडला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा, चौथा, मोजताच येऊ नयेत असे. कुणीतरी अनवाणी पायांनी अंगणभर पळत सुटावं तसे. त्या दिवशी हर्षल दिवा लावायला उठला नाही. दोघं अंधारातच ऐकत बसले.

तिसऱ्या आठवड्यात मानेवर परत ती गाठ हाताला लागली. आधी तुरीच्या दाण्याएवढी, मग हरभऱ्याएवढी. केतकी अंघोळ करताना तिच्यावर बोट ठेवून उभी राही. उगवली आहे, ती स्वतःला सांगे. उगवायलाच हवी होती. हे सांगताना ती पाणी बंद करायचं विसरून जाई.

चौथा लागला. सोनोग्राफीत बोटं दिसली, हातांची आणि पायांची. त्याच दुपारी तिच्या शिरेतून औषध सुरू झालं.

आता वाट पाहायची होती ती एकाच गोष्टीची. केस गळायला दोन-तीन आठवडे लागतात, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी केतकी उशी तपासे. उशी स्वच्छ. कंगव्यात नेहमीचे चार केस. एक आठवडा गेला, दुसरा जाऊ लागला. गाठ लहान झाल्यासारखी वाटे आणि दुसऱ्या दिवशी तसं वाटत नसे. विरामरस अजून अंगात कुठे रेंगाळत असेल का, हा विचार तिला जेवू देत नसे.

त्या शनिवारी प्रणालीबाई सवयीने मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. केतकीने त्यांचा हात धरला.

"आई, दृष्ट काढू नका."

"काहून व?"

मग केतकीने त्यांना खाली बसवलं आणि शेतात कसं असतं, अंगात कसं असतं, सगळं समजावून सांगितलं. केस राहणं का वाईट आणि जाणं का चांगलं, ते सांगितलं. प्रणालीबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी मूठ उघडून त्या मोहऱ्यांकडे पाहिलं.

"म्हंजे इतके दिवस मीच आडवी आली होती?"

"नाही हो आई. मोहऱ्यांचा काय संबंध?"

"असू दे, नसू दे." त्या उठल्या. त्यांनी मोहऱ्या परत डब्यात टाकल्या आणि पायात चप्पल घातली.

तासाभरात घरात गल्लीतल्या बायका जमल्या. वर्षा मुलीला खांद्याशी धरून आली होती. प्रणालीबाईंनी केतकीला मध्यभागी पाटावर बसवलं, तिची वेणी स्वतःच्या हाताने सोडली आणि केस पाठीवर पसरले.

"पाहा," त्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या. "पाहा माह्या सुनेचे केस. अकोल्यात आहेत का कोणाचे असे?"

बायकांना काही कळेना. आजारी बाईचं असं तोंडभरून कौतुक कुणी करतं का? एक म्हातारी पुटपुटली, "थू थू, बाई, नजर लागन."

"थू थू करू नका, काकू," प्रणालीबाई म्हणाल्या. "चांगलं डोळे भरून पाहा. मनात थोडा मत्सर आणा. वर्षे, तुहे तर बाळंतपणात गळले नं सारे? मंग पाह्य नं नीट."

वर्षा आधी बावरली. मग तिने केतकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी उमगलं असावं. "खरंच वहिनी," ती म्हणाली, "मला फार जळायला होतं तुमचे केस पाहून."

केतकी इतकी हसली, की तिला खोकला आला.

बायका गेल्यावर प्रणालीबाई तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे बसल्या. आता केस सोडलेच आहेत तर तेल लावून देतो म्हणाल्या. त्यांनी माथ्यावर तेल जिरवलं आणि कंगवा वरून खाली ओढला. मग त्यांचा हात थांबला.

"आई?"

प्रणालीबाई कंगव्यातले केस सोडवत होत्या.

"आई, किती?"

"लई," प्रणालीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचला नसता.

"अजून ओढा."

त्यांनी ओढलं. बायका गळालेले केस बोटाभोवती गुंडाळतात, तसे त्या गुंडाळू लागल्या. बोट भरलं, मग दोन बोटांवर घेतले, मग तळहातावर. तो गुंता वाढत वाढत त्यांच्या मांडीत मावेना. केतकी डोळे मिटून बसली होती. कंगवा फिरे तिथे वारा लागत होता. तिने चाचपडत फोन उचलला.

"सर, गळतायत."

पलीकडून डॉ. पिंपळखुटे म्हणाले, "फोटो पाठवाल? मला तो जुना बदलायचा आहे." आणि लगेच पुढे, "सासूबाईंना सांगा, त्यांचा उपाय लागू पडला. माझ्या औषधाचं नाव घेऊ नका."

सोमवारी केतकी बीजसंग्रहात गेली. डोक्याला काही बांधलं नव्हतं. कपाटातून काढलेली हिरवी चोळी तिने घातली होती, घडीच्या रेषा अजून तिच्यावर उमटलेल्या होत्या. दारातल्या पहारेकऱ्याने आधी तिच्या डोक्याकडे पाहिलं, मग चोळीकडे, आणि काय विचारावं हे न सुचून त्याने नेहमीचंच विचारलं.

"मॅडम, कितवा?"

"चौथा," केतकी म्हणाली.